खिशातला चाकू: कारखान्याच्या मालाकडून काय मागावं, हातच्या कामाकडून काय

भोसरीतल्या एका टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्यासाठी साचे आणि अवजारं करणाऱ्या विभागात, माझी बावीस वर्षं गेली. भिंतीपलीकडे प्रॉडक्शन शॉप होतं. तिथे एकच बुश (धातूची छोटी नळी) दिवसाला हजारांनी निघायचा आणि तपासणीला प्रश्न एकच असायचा: मापाच्या दोन गेजांपैकी जायला हवा तो गो गेज आत जातो का आणि अडायला हवा तो नो-गो अडतो का. दोन्ही उत्तरं बरोबर आली की माल पास, मग माप वरच्या टोकाला असो की खालच्या. भिंतीच्या अलीकडे आमचा फिटर एकाच डायवर, म्हणजे साच्यावर, तीन-तीन दिवस बसायचा. ब्ल्यू, म्हणजे निळा रंग, लावायचा, साच्यात बसणारा पंच खाली आणायचा, डाग कुठे उमटला ते बघायचा, कानस एकदाच फिरवायचा आणि पुन्हा ब्ल्यू.

चाकूंचा नाद लागला तेव्हा ही दोन्ही शॉप पुन्हा भेटली. कारखान्याचा चाकू गेजमधून पास झालेला असतो, हातचा चाकू एका माणसानं बसवलेला असतो. गिऱ्हाईक मात्र हे विसरतं. अडीच हजारांच्या चाकूचं पातं बंद असताना केसभर एका बाजूला दिसलं म्हणून लोक तो परत पाठवतात. याउलट हातच्या चाकूला पन्नास हजार मोजलेला माणूस उघडं पातं अडकवून ठेवणारं लॉक घसरलं तरी खपवून घेतो, कारण ‘हातचं काम आहे’. माझा नियम सरळ आहे. सफाईतली उणीव किमतीप्रमाणे माफ करावी, कामातली उणीव कुठल्याच किमतीला माफ करू नये. पातं बोटावर मिटता कामा नये, धार धरली पाहिजे आणि टोक मिटलेल्या मुठीतून बाहेर डोकावता कामा नये. या तीन गोष्टी पाचशे रुपयांच्या चाकूकडूनही मागायच्या.

आधी चाकू कुठल्या शॉपमधला आहे ते ओळखा

स्विस व्हिक्टोरिनॉक्स हा प्रॉडक्शन शॉपचा आदर्श नमुना. कार्ल एल्सेनर यांनी १८८४ मध्ये इबाख गावात कारखाना काढला, १८९१ मध्ये स्विस सैन्याला पहिले चाकू पुरवले आणि १८९७ मध्ये अधिकाऱ्यांच्या चाकूचं पेटंट घेतलं. पाती पोलादाच्या पट्टीतून ठोकून काढतात, भट्टीत एकत्र पाणी देतात, म्हणजे तापवून एकदम थंड करून कडक करतात, आणि कडकपणा रॉकवेल या कडकपणाच्या मापावर ५६ च्या आसपास ठेवतात. त्यामुळे पुण्यात घेतलेला आणि झुरिचमध्ये घेतलेला चाकू हातात सारखाच लागतो. इथे मागायचं ते हेच: सगळी अवजारं सारख्या खटक्यानं उघडावीत, पात्याला हलणं नसावं, कात्रीनं कागद शेवटपर्यंत कापावा. धार महिनाभर टिकावी असं मात्र मागू नका. ५६ चं पातं लवकर बोथट होतं, पण दगडावर दहा मिनिटांत परत येतं, आणि कारखान्यानं ते जाणूनबुजून तसं ठेवलं आहे. प्लास्टिकच्या लाल मुठीवर किल्ल्यांमुळे ओरखडे येणार, तेही धरून चाला.

फ्रान्सच्या सावोयमधला ओपिनेल हाही कारखान्याचाच, पण लाकडाचा. जोसेफ ओपिनेल यांनी तो १८९० मध्ये काढला आणि पातं अडकवणारी फिरती कडी १९५५ मध्ये आली. आठ नंबरचं पातं साडेआठ सेंटिमीटरचं, पातळ आणि कापायला फार गोड. मूठ बीच लाकडाची असल्यामुळे जुलैत राजगडावर नेला की लाकूड फुगतं आणि पातं उघडेनासं होतं. चैत्र-वैशाखात तोच चाकू ढिला वाटतो. ‘खराब पीस आला’ म्हणून तो परत करणारे मी पाहिले आहेत. पीस खराब नसतो, ती लाकडाची जात आहे. सावोयचे लोक मुठीचं मागचं टोक टेबलावर ठोकून पातं थोडं बाहेर काढतात आणि मग बोटांनी उघडतात. पावसाळ्याआधी सांध्याच्या आत जवसाच्या तेलाचे दोन-तीन हात द्या, त्रास बराच कमी होतो. कार्बन पोलादाचा घेतला असेल तर कैरी कापल्यावर पातं काळवंडणार. कोकणात राहणाऱ्यांनी स्टेनलेसचाच घ्यावा.

याच्या वरची पायरी म्हणजे जवळजवळ टूलरूमच्या मापानं चालणारा कारखाना. अमेरिकेतल्या बॉयझी शहरात ख्रिस रीव्ह यांच्या कारखान्यात होणारा सेबेंझा हे त्याचं उदाहरण. झुलू भाषेत या शब्दाचा अर्थ काम. मोठ्या सेबेंझात सांध्याच्या स्क्रूभोवती एक बुश असतो. त्याची लांबी इतकी नेमकी असते की स्क्रू पूर्ण आवळला तरी पातं जाम होत नाही आणि ढिलंही राहत नाही. बुशाची लांबी, दोन वॉशर आणि पात्याची जाडी यांची बेरीज प्रत्येक पीसला जुळवणं काय असतं, हे टूलरूममध्ये बसलेल्या माणसालाच विचारा. चारशे डॉलरांच्या वरची किंमत इथे जाते. म्हणून या वर्गात पातं मधोमध नसेल किंवा सांध्यात खरखर असेल तर बेधडक तक्रार करा. ज्याचे पैसे दिले तेच मिळालेलं नाही.

आणि शेवटी एका माणसाचं काम. इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये स्वतःच्या छोट्या शॉपमध्ये चाकू करणाऱ्यांना ‘लिटल मेस्टर’ म्हणत. स्टॅन शॉ त्यांतले. आयुष्यभर त्यांनी हातानं घडीचे चाकू केले. अमेरिकेत इंडियानाच्या टोनी बोस यांनी लॉक नसलेल्या, नुसत्या पाठस्प्रिंगवर (मुठीच्या पाठीतल्या, पात्यावर दाब देणाऱ्या स्प्रिंगवर) चालणाऱ्या जुन्या घाटाच्या चाकूंची सफाई कुठवर जाऊ शकते ते दाखवलं. आज जगभर बरेच लाइनर लॉकचे (मुठीच्या आतल्या पत्र्याची पट्टी उघड्या पात्यामागे येऊन अडते ते) चाकू होतात, त्या लॉकला सध्याचं रूप मायकेल वॉकर या कारागिरानंच १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला दिलं. म्हणजे कारखानाही हातच्या कामाकडूनच शिकत आला आहे.

मधल्या मध्ये ‘मिडटेक’ नावाचा प्रकार येतो. सुटे भाग सीएनसी यंत्रावर किंवा बाहेरून कापून आणायचे आणि घासणं, जोडणी, लॉक बसवणं कारागिरानं करायचं. यात कमीपणा काही नाही, पण घेताना नेमकं विचारा: पाणी कोण देतं, घासतं कोण, लॉक बसवतं कोण? तिन्हींचं उत्तर ‘बाहेर’ असेल तर तो कारखान्याचाच चाकू आहे आणि भावही तोच असावा.

हातात आल्यावर: आधी लॉक

पेटीतून काढल्यावर नव्वद टक्के लोक सगळ्यात आधी अंगठ्यानं धार बघतात. धार घरी लावता येते. लॉक घरी बसवता येत नाही, म्हणून सुरुवात तिथून करा.

पातं पूर्ण उघडा. मूठ अशी धरा की पात्याच्या मिटण्याच्या वाटेत एकही बोट नसेल. पात्याची पाठ लाकडी पाटाच्या कडेवर टेकवा आणि हळूहळू जोर वाढवा. ठोकायचं नाही, दाबायचं. लॉक सरकलं, कुरकुरलं किंवा सुटलं तर चाकू परत. दोन वर्षांपूर्वी हातानं केलेल्या एका महागड्या लाइनर लॉकची मी हीच परीक्षा घेतली आणि तिसऱ्या दाबाला पातं मिटलं. विकणाऱ्याचं म्हणणं, ‘हातचं काम आहे, एवढं चालायचंच.’ अजिबात चालायचं नाही. माझ्या फिटरनं डायला पंच असा बसवला असता तर त्याला कुणी दुसरी डाय दिली नसती.

लाइनर लॉक आणि फ्रेम लॉकमध्ये (यात मुठीचाच एक भाग पट्टीसारखा अडतो) लॉकची पट्टी पात्याच्या बुडाखाली किती आली ते बघा. नव्या चाकूत बुडाच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत आली असेल तर छान. पुढे झिजत ती आणखी आत जाते, म्हणून जागा शिल्लक हवी. नवीन असतानाच ती पार दुसऱ्या भिंतीला टेकली असेल तर झिजायला काही उरलेलं नाही, परत करा. नुसत्या कडेवर टेकली असेल तर दहा वेळा जोरात उघडून पुन्हा दाबून बघा.

अमेरिकेतल्या बक कंपनीच्या ११० नंबरच्या चाकूसारखं मागून दाबायचं लॉक असेल तर परीक्षा वेगळी. हा चाकू १९६४ पासून बनतो आणि या घाटाच्या कारखानी चाकूत अंगठ्यानं जोर लावल्यावर पातं वर-खाली केसभर हललेलं कधी कधी जाणवतं. लॉक वर उचललं जात नसेल तर हे चालतं. हातच्या चाकूत ही हालचाल शून्य हवी, कारण लॉकची खाच पात्याच्या दाताला कानशीनं बसवणं हेच तर त्याचं काम.

डावी-उजवी हालचाल वेगळी तपासा. पात्याचं टोक बोटात धरून हलवा. कारखानी चाकूत स्क्रू असेल तर एक अष्टमांश फेरा आवळा आणि पुन्हा बघा. बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं. रिव्हेट असेल तर आवळता येत नाही, अशा चाकूत ठळक हलणं मान्य करू नका.

पाठस्प्रिंगच्या चाकूला लॉक नसतंच. इथे बोट ठेवून बघा: पातं उघडं, अर्धं आणि मिटलेलं असताना स्प्रिंग मुठीच्या पाठीशी सपाट येते का. चांगल्या कारखानी चाकूत उघड्या अवस्थेत सपाट आणि बाकी दोन्हींत नखाला लागेल इतका उंचवटा, हे बरोबरच आहे. हातच्या चाकूत तिन्ही जागी नख अडकता कामा नये. स्प्रिंग आणि मूठ खिडकीसमोर धरा. मधून उजेड दिसला तर कारखान्याच्या चाकूत खपवा, हातच्यात विचारा.

मग डोळ्यांचं काम

पातं मिटवून टोकाकडून बघा. मधोमध नसेल आणि भिंतीला घासत नसेल तर साध्या कारखानी चाकूत ही तक्रारीची गोष्ट नाही. घासत असेल तर आहे. इथे बरेच जण फसतात ती एक बाब सांगतो: दोन-तीन पात्यांच्या चाकूत पाती एकमेकांना चुकवून बसावीत म्हणून कारागीर ती मुद्दाम किंचित वाकवतो. तिरपं दिसणारं पातं तिथे दोष नसतो, कौशल्य असतं.

आता धार तोंडासमोर धरून टोकाकडे बघा. दोन्ही बाजूंचा उतार जिथे सुरू होतो त्या रेषा समोरासमोर येतात का? हातच्या कामात त्या आल्याच पाहिजेत. कारखान्यात एक मिलिमीटर इकडे-तिकडे होतं. धारेचा चकचकीत पट्टा एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला अरुंद दिसेल. कारखानी चाकूत हे इतकं सर्रास आहे की मी बघतही नाही, दोन-तीनदा दगडावर घातलं की जुळतं.

पोलादाच्या नावाला भुलू नका

जाहिरातीत पोलादाचं नाव मोठ्या अक्षरात असतं. पण पोलाद अर्धीच गोष्ट, पाणी कसं दिलं ती उरलेली अर्धी. आमच्या शॉपमध्ये ज्या पोलादाला ओएचएनएस म्हणायचो तेच बाहेर ओ-वन नावानं चाकूवाल्यांना आवडतं, आणि एचसीएचसीआर, म्हणजे जास्त कार्बन-क्रोमियमच्या, घराण्यातलं डी-टू आज परवडणाऱ्या चाकूंत सगळीकडे दिसतं. एकाच पट्टीतून कापलेल्या दोन डाय मी पाहिल्या आहेत. एक लाखभर ठोके चालली, दुसरी आठवड्यात चिरली. फरक भट्टीचा आणि नंतर पुन्हा तापवून ठिसूळपणा काढण्याचा होता. डी-टूमध्ये क्रोमियम १२ टक्क्यांच्या आसपास असतं, पण त्यातलं बरंच कार्बनशी बांधलं गेल्यामुळे ते पुरतं स्टेनलेस नसतं. पावसात भिजवून सॅकमध्ये टाकलं तर ठिपके येणार.

घरच्या घरी अंदाज घ्यायचा तर सहा मिलिमीटरची पितळी सळई पाटावर घट्ट बांधा. पातं पंधरा-वीस अंशांत टेकवून धार सळईवर हलकेच दाबत सरकवा. उजेडात धार किंचित वाकलेली आणि दाब काढताच सरळ झालेली दिसली पाहिजे. वाकलेली तशीच राहिली तर पातं मऊ आहे, कपची उडाली तर ठिसूळ आहे. मात्र नव्या कारखानी चाकूवर एकाच परीक्षेनं निकाल देऊ नका. कारखान्यात घासायच्या फिरत्या पट्ट्यावर वेगात लावलेली पहिली धार कधी कधी तापलेली असते, दोन-तीनदा दगडावर लावून मगच सळई घ्या.

हातच्या चाकूत पैशाचा खरा मोबदला कुठे दिसतो असं मला विचाराल, तर मी धारेच्या लगेच वरची जाडी दाखवीन. कारखान्याला ठाऊक असतं की गिऱ्हाईक चाकूनं डबे उघडणार आणि स्क्रू फिरवणार. मोडलेली पाती बदलून द्यायला लागू नयेत म्हणून अनेक कारखाने तिथे अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून जास्त मांस ठेवतात. कारागिराला तुम्ही सांगितलेलं असतं की मला फळं आणि दोर कापायचे आहेत, म्हणून तो तीन दशांश मिलिमीटरपर्यंत उतरतो. सफरचंदात घालून बघा: जाड पातं फोड फोडतं, पातळ पातं कापतं. व्हिक्टोरिनॉक्स आणि ओपिनेल कारखान्याचे असूनही इथे पातळच आहेत, म्हणून इतक्या कमी किमतीत ते इतकं चांगलं कापतात. नुसतं कापणंच हवं असेल तर हातच्या चाकूची गरज नाही, हे मी मनापासून सांगतो.

हातचा चाकू सांगताना

कारागिराला ‘छानसा चाकू करा’ असं लिहू नका. ड्रॉइंगशिवाय टूलरूमला काम देण्यासारखं ते आहे. पात्याची लांबी, धारेवरची जाडी, पोलाद, कडकपणा, लॉकचा प्रकार, मुठीचं साहित्य, चाकू उजव्या हाताचा की डाव्या, हे सगळं लिहून द्या. आणि त्याच्या उत्तरात हे शोधा: पाणी तो स्वतः देतो की बाहेर पाठवतो, रॉकवेल मोजतो का, चाकू आवडला नाही तर परत घेतो का, लॉक झिजलं तर दुरुस्त करून देतो का. आगाऊ रक्कम थोडी द्या. पूर्ण किंमत आधी मागणाऱ्याकडे मी जात नाही. मुदत उलटते, सहा महिने म्हटलं की वर्ष धरा. मात्र काम कुठवर आलं ते विचारल्यावर उत्तर येत नसेल तर तो हातच्या कामाचा गुण नव्हे.

माझ्या पाठस्प्रिंगच्या चाकूला चौदा महिने लागले. आला तेव्हा अर्ध्या उघड्या अवस्थेत स्प्रिंग उभी होती. मी मापाच्या डायल गेजखाली धरली, एक दशांश मिलिमीटर. फोटो आणि माप पाठवलं. कारागिरानं वाद न घालता चाकू परत मागवला आणि तीन आठवड्यांनी पाठवला. नख फिरवलं, कुठेही अडलं नाही. तक्रार अशी करावी: मापासह आणि वापरण्याआधी.

हातच्या कामात चालतं ते म्हणजे उजेडात तिरपं धरल्यावरच दिसणारी पॉलिशची रेघ, लाकडाच्या दोन बाजूंच्या रेषांतला फरक, त्याच कारागिराच्या दोन चाकूंतली अर्ध्या मिलिमीटरची तफावत. लाकूड किंवा हाडाची मूठ पुण्याच्या उन्हाळ्यात आकसते आणि पिन बोटाला जाणवू लागते. वाळलेल्या हवेत राहणारा परदेशी कारागीर असेल तर त्याला आपला पाऊस आधीच सांगा, तो मुरवलेलं लाकूड किंवा मायकार्टा (राळेत दाबलेल्या कापडाचं साहित्य) सुचवेल.

सांबरशिंगाच्या मुठीचा मोह होतो. शेफील्ड आणि जर्मनीतल्या झोलिंगेनला पूर्वी हे शिंग आपल्याकडूनच जायचं. आता वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गळून पडलेल्या शिंगांचा व्यापारही इथे बंद आहे. असा चाकू मागवू नका, विकतही घेऊ नका.

बाळगण्याआधी

शस्त्रकायद्याखालच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची शस्त्रं परवान्याच्या कक्षेत येतात. घरकाम, शेती, उद्योगासाठीची अवजारं त्यातून वगळली आहेत. खिशातला चाकू त्या मापाच्या जवळही जात नाही. तरी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली सण-निवडणुकांच्या दिवसांत शस्त्रबंदीचे आदेश निघतात, तेव्हा गावात चाकू घरीच ठेवा. ट्रेकला सॅकच्या तळाशी ठेवा, पट्ट्याला नको. विमानात हातातल्या बॅगेत तो चालत नाही. बटण दाबताच उडणारं पातं बाहेरून मागवू नका.

आणि पेटी उघडल्यावर पहिला आठवडा चाकूनं काही कापू नका. रोज वीस-पंचवीस वेळा उघड-मीट करा, सांध्यात तेलाचा एक थेंब सोडा, शेवटच्या दिवशी लॉक पुन्हा पाटावर दाबा. पट्टी पहिल्या दिवशी होती त्याच जागी असेल तर मग आंबा चिरायला घ्या.